डावऱ्या हाताची भिंत

या, असे जवळ या. मागे खांबाला टेकून बसलेत त्यांनीही पुढे सरका. चपला कुठे जात नाहीत, आणि गेल्याच तर ज्याने नेल्या त्याच्या पायांना देव सुखी ठेवो. गुडघे दुखत असतील तर खुशाल पाय लांब करा. दिवसभर राबून आलेल्या माणसाने कसं बसावं, हे देव बघत बसत नाही. एक गोष्ट सांगतो. वाळवंटातल्या एका नगराची, तिथल्या एका भिंतीची, आणि आपल्या भाईंदरच्या दोन माणसांची. पुरती सांगेन. अर्धी सांगितली म्हणूनच तर सगळा घोळ झाला होता.

सहादेव मांडवकर हा मूळचा रत्नागिरीकडचा, धंद्याने गवंडी. वय एक्कावन्न, गुडघे सत्तरीचे. भाईंदर पश्चिमेला दोन खोल्यांत राहायचा आणि मुर्ध्याकडे नव्या इमारती उठत होत्या तिथे प्लास्टरच्या कामाला जायचा. सिमेंटने बोटं इतकी खाल्लेली की टोकांवरच्या रेषाच गेल्या होत्या. संध्याकाळी घरी आला की आंघोळ करायची, कपाळाला बुक्का लावायचा आणि टाळ घेऊन मंडळात जायचं, एवढं एकच सुख त्याने स्वतःला ठेवलं होतं. टाळ हातात आला की अंगाचा शिणवटा उतरायचा. पण अरबस्तानातून परतल्यापासून तसं होईना. टाळ वाजायचा, शिणवटा तिथेच.

सन दोन हजार आठ. मंडळाचा सप्ताह बसला होता, कीर्तनाला आत्मारामबुवा. हे बुवा पोस्टात नोकरी करून कीर्तन करणारे. सकाळी लोकांची पत्रं वाटायची, संध्याकाळी देवाची. बुधवारी बुवा रंगात आले. उपरणं सावरलं, एक पाय पुढे टाकला आणि म्हणाले, "देवाने माणसाला तोंड दिलं, ते खोटं बोलतं. डोळे दिले, ते भुलतात. पण हात? हात कधी खोटं बोलत नाही! पटत नाही? आमचा सहादेव बघा!"

सगळा मांडव वळून सहादेवकडे बघायला लागला.

"हा आमचा सहादेव गेला अरबस्तानात. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीचं नगर. चहूकडे वाळवंट, मधोमध पाणी, खजुरीची झाडं, आणि सगळ्याला कवेत घेऊन उभा तट! वाळूने गिळलेलं ते नगर. मोठमोठे शिकलेले लोक ब्रश घेऊन बसलेत. एका भिंतीवर बोटांचे फराटे दिसतात, कुणाला काही उमगेना. हा घमेलंवाला पुढे झाला आणि म्हणाला, मॅडम, हे बाईने सारवलंय, आणि बाई डावरी होती! अहो, अडीच हजार वर्षांनी एका कोकण्याने तिचा हात ओळखला. आणि तुम्ही? ज्याने तुम्हाला घडवलं त्याचा हात तुम्हाला ओळखता येत नाही?"

टाळ्या पडल्या, विठ्ठलनामाचा गजर झाला. गजर थांबल्यावर बुवांनी जाहीर केलं, "रविवारी काल्याच्या कीर्तनात सहादेवचा सत्कार. शाल आणि श्रीफळ."

सहादेवचा टाळ चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी आल्यावर शेवंतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ताट वाढलं. तो भात नुसता चिवडत बसला.

"शाल मिळणार म्हणतात आणि तोंड तर कारलं खाल्ल्यासारखं," शेवंती म्हणाली. "मागच्या वर्षीच्या सत्कारातला नारळ नासका निघाला म्हणे. तुम्ही हलवून बघून घ्या. लाजू नका."

"मी नाही जात रविवारी."

"का?"

"गुडघे."

"गुडघ्यांच्या नावावर किती दिवस खपवाल?" तिने पाण्याचा तांब्या जरा जोरातच ठेवला. "अरबातनं आलात तेव्हापासून तुमच्या पोटात काहीतरी आहे. मला नका सांगू, माझी हरकत नाही. पण ज्याला सांगायचं त्याला तरी सांगून या. घरात भूत बाळगल्यासारखं झालंय."

आता ते पोटातलं काय, ते ऐका.

त्या नगराला चांगलं नाव होतं, पण कामावरची माणसं त्याला नुसतं 'किला' म्हणायची. सभोवार वाळू आणि काळे खडक. एका जागी जमिनीतून पाणी वर आलेलं, म्हणून खजुरी. त्या पाण्यासाठी माणसं तिथे वसली आणि तेच पाणी राखायला त्यांनी मैलभर लांबीचा तट घातला. खाली दगड, वर कच्च्या विटा. आत घरं, बोळ, विहिरी. पुढे कधीतरी माणसं निघून गेली आणि वाळू राहायला आली. दर हिवाळ्यात परदेशातून एक मॅडम आपली माणसं घेऊन तिथे खोदकामाला यायच्या. खोदकाम म्हणजे आपलं कुदळ-फावडं नव्हे. आजाऱ्याला चमच्याने पेज भरवावी तसं काम. बोटभर माती काढायची, ती चाळायची, सापडेल ते डबीत घालून वर नंबर टाकायचा.

पडायला आलेल्या भिंतींना आधार द्यायला गवंडी हवा होता, म्हणून सहादेवला नेलेलं. त्याच्या खोलीत धम्मपाल सोनकांबळे. हा नांदेडकडचा, पण राहायला आपल्याच भाईंदरला, पूर्वेला. एकाच एजंटाने दोघांना धाडलेलं. धम्मपालकडे दोन कामं होती, माती चाळायची आणि सगळ्यांना पाणी पुरवायचं. मातीत मिरीएवढा मणी असला तरी त्याच्या चाळणीतून सुटत नसे. दोघांचं भांडण एवढंच की सहादेव पहाटे उठून अभंग म्हणायचा. "तुझ्या देवाला सांग, इथनं फोन लागत न्हाई, हळू बोल," धम्मपाल पांघरुणातून ओरडायचा. आणि सुटीच्या सकाळी धम्मपाल बुद्धवंदना म्हणायचा तेव्हा सहादेव मुकाट्याने दोघांचा चहा ठेवायचा. परक्या मुलखात एवढं जमलं की माणसं भावासारखी होतात.

एकदा तटाला चिकटलेल्या घराच्या अगदी मागच्या खोलीत मातीच्या गिलाव्याची भिंत निघाली. तिच्यावर बोटांचे फराटे, कमानीसारखे वळलेले, एकाखाली एक. मॅडम तीन दिवस त्यापुढे बसून होत्या. सहादेव आधाराचा दगड लावायला गेला आणि जागीच थांबला.

त्याची आई डावरी होती. गावात डाव्या हाताचं सारवण चालत नसे. सासूने तिला ओसरीला आणि देवघराला कधी हात लावू दिला नाही. तिला दिली मागची पडवी, गोठ्याच्या अंगाची, जिथे पाहुण्याची नजर जात नाही. तिथे ती मन लावून सारवायची. चार बोटांचे फराटे उठायचे, त्यात करंगळीची रेघ सर्वांत बारीक आणि ती डावीकडे. उजव्या हाताने सारवलं की ती उजवीकडे येते. या भिंतीवर ती डावीकडे होती. आणि भिंत होती मागच्या खोलीतली.

"डाव्या हाताचं काम आहे, बाईचं," तो म्हणाला. दुभाष्याने ते मॅडमला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, डावा हात पटला, बाई की पुरुष ते सांगता येणार नाही. सहादेव म्हणाला, "बाईच." मॅडम हसल्या. त्या दिवसापासून त्या त्याला उस्ताद म्हणायला लागल्या.

पुढच्याच गुरुवारी काम सुटताना त्याला दिसलं की गिलाव्याची कड सुटायला लागली आहे. नियम असा होता की काही सुटताना दिसलं तर हात लावायचा नाही, वर कळवायचं. पण मॅडमची जीप निघून गेली होती आणि मधे शुक्रवारची सुटी. सहादेवला ती कड बघवेना. त्याने धम्मपालच्या डब्यातून ओंजळभर पाणी घेतलं, चाळलेली माती भिजवली आणि कडेला लावली. आता कुठलाही गवंडी सांगेल की जुन्या गिलाव्यावर नवा लावायचा तर जुना आधी खरवडून खडबडीत करावा लागतो, नाहीतर नवा धरत नाही. सहादेवला हे माहीत नव्हतं का? आयुष्य गेलं त्यात. पण त्या बोटांवर ओरखडा काढायला त्याचा हात धजेना. त्याने नुसतं पाणी शिंपडलं आणि मायेने माती दाबून बसवली. आईच्या पायाच्या भेगांना तेल लावावं तशी.

त्याच मायेने घात केला. शुक्रवारच्या उन्हात नवी माती सुकली, आखडली, आणि आखडताना जुन्या गिलाव्याला घेऊन खाली आली. शनिवारी सकाळी दोन वितींएवढा तुकडा भुगा होऊन पडला होता. त्या करंगळीच्या रेघा त्यात गेल्या.

भिंतीच्या पायाशी पाण्याच्या डब्याचं गोल वळं उमटलेलं होतं. मुकादम गरजला, "पानी किसका रखा था इधर?"

धम्मपालने वळ्याकडे पाहिलं, भुग्याकडे पाहिलं. गुरुवारी सावली बघून त्यानेच डबा तिथे टेकवला होता. डबा झिरपला असणार, ओल भिंतीत चढली असणार. त्याला तेच खरं वाटलं. "मेरा," तो म्हणाला.

सहादेव चार हातांच्या अंतरावर उभा होता. तोंड उघडायला एक क्षण मिळाला होता. त्या क्षणी मॅडम त्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उस्ताद, काही वाचवता येईल?" आणि उस्तादाने मान खाली घालून नाही म्हटलं.

धम्मपालला आठवड्याच्या आत परत धाडलं. सहादेव आणखी दोन हिवाळे उस्ताद राहिला.

तर रविवारच्या शालीत हे सगळं गुंडाळलेलं होतं. ती शाल अंगावर घ्यायची तर धम्मपालला आधी भेटायला हवं, हे सहादेवला कळत होतं आणि पाय उचलत नव्हता. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी रेतीची गाडी आली नाही म्हणून काम दुपारीच सुटलं. आता सबबही उरली नाही. तो तसाच, सिमेंटच्या कपड्यांनी, पूल ओलांडून पूर्वेला उतरला. केबिन रोडला बाजाराची झुंबड होती. सहादेवला वाटलं, परत जावं. इतका थकला होता की परत जायचाही कंटाळा आला, म्हणून पुढे गेला.

धम्मपाल स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या गाळ्यात कामाला होता. नुकताच घरी आला होता. तोंडावर काळपट पूड, आणि खोकला.

"अरे, उस्ताद!" तो दारातच म्हणाला. "जय भीम. वाट चुकलास का?"

"रामकृष्ण हरी, धम्मा. जय भीम."

"ये की आत. सांभाळून."

सांभाळून म्हणेपर्यंत सहादेवच्या पायाचा अंगठा आपटला. खोलीच्या मधोमध पाण्याचा निळा पिंप उभा होता, भिंतीपासून चांगला हातभर लांब.

"लागलं का हो भावजी?" धम्मपालची बायको संघप्रिया आतून आली. "आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला त्यो पिंप पहिल्यांदा भेटतो. ह्यांचा कायदा हाय. पाणी भिंतीला टेकवायचं न्हाई. चार वर्षं झाली, मधी ठेवलाय नवरदेवावानी. आमी सगळी त्याला फेऱ्या मारताव."

"तुला काय कळतंय," धम्मपाल हसत म्हणाला. "एकदा मी पाणी टेकवलं तर अडीच हजार वर्षांची भिंत पडली. बिचारी कोन बाई होती, तिनं इतक्या मायेनं सारवलेली. वाळूनं सांभाळली, पावसानं सांभाळली, आन् माझ्या एका डब्यानं..." त्याला खोकला आला. "बस, सहादेव. चहा ठेव गं."

सहादेव बसला नाही. बसला असता तर बोलला नसता.

"धम्मा, तुझा डबा झिरपत नव्हता."

"काय?"

"डबा चांगला होता. पाणी मी घेतलं. कड सुटली होती, तिला माती मी लावली. न खरवडता लावली. ती सुकून आखडली आणि जुनं घेऊन पडली. तू काही केलं नाहीस. मुकादमाने विचारलं तेव्हा मी तिथे होतो. बोललो नाही."

आत स्टोव्हचा आवाज चालू होता. संघप्रियाने तो बंद केला.

धम्मपालने पिंपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "का बोलला न्हाईस?"

"मॅडम उस्ताद म्हणायच्या." सहादेवला स्वतःचाच आवाज परका वाटला. "मला आयुष्यात दुसरं कुणी काही म्हटलं नव्हतं."

"आन् मला?" धम्मपालचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मला तिथं कोनी इचारलं न्हाई, तू कोन, कुठला, तुझं आडनाव काय. हातात काय आलं, तेवढंच इचारायचे. मनी सापडला की मॅडम स्वतः यायच्या, माझ्या हातातनं घ्यायच्या, माझ्याच हातानं डबीत ठेवायला लावायच्या. असं काम मला आधी न्हवतं, मागनं मिळालं न्हाई. ते गेलं त्याचं मी सोसलं, कारन वाटलं, चूक माझी हाय. रोज रातच्याला त्या बाईची माफी मागायचो, सहादेव. चार वर्षं. तुझ्या चुकीची माफी मी मागू लागलो!"

सहादेव वाकून त्याच्या पायाला हात लावायला गेला. धम्मपालने पाय मागे घेतला.

"ते नको. पाया पडून मोकळा होशील तू. मी पडून घेनार न्हाई."

मग तो उठला. दोन्ही हातांनी पिंप धरला आणि ढकलायला लागला. पिंप भरलेला, जड. सहादेव पुढे झाला तर त्याने कोपरानेच त्याला थांबवलं. फरशीवर पिंप खरखरत गेला, पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर सांडलं, आणि एकदाचा पिंप भिंतीला जाऊन टेकला. धम्मपाल धापा टाकत खाली बसला. चार वर्षांनी खोली मोकळी दिसत होती. मधोमध फरशीवर काळं गोल वळं तेवढं राहिलं होतं.

"दोन कामं कर," तो म्हणाला. "मॅडमला मेल धाड. आमची दिव्या कॉलेजात जाते, ती लिहून देईल. मी सांगन तसं न्हाई, तू सांगशील तसं. आन् तुमचे ते बुवा. पूर्वेलासुद्धा ऐकू येतं आमाला, सहादेवची गोष्ट सांगतेत म्हनून. त्यांना म्हनावं, गोष्ट सांगा, जरूर सांगा. पर माझं नाव घ्या. तुझं घेत्यात तेवढ्याच मोठ्यानं."

"उद्या काल्याला तू ये. तुझ्यासमोर सांगतो."

"मी कशाला येऊ? माझ्यासमोर सांगितलंस की आत्ता. जे नव्हते त्यांना सांग."

संघप्रिया चहाचा कप घेऊन दारात उभी होती. धम्मपालने तिच्याकडे पाहिलं. "आज त्याला चहा नको देऊस," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "पुढच्या बारीला आला तर दे."

संघप्रियाने तो कप नवऱ्याच्या हातात दिला. सहादेव निघाला. जाताना त्याला पिंपाच्या जुन्या जागेला वळसा घालून जावंसं वाटलं, पण तो सरळ गेला.

रविवारी काल्याचं कीर्तन झालं. बुवांनी शाल उलगडली तसा सहादेवने त्यांचा हात धरला आणि जे होतं ते सांगितलं. बोलायची सवय नव्हती, दोनदा थांबला. सांगून झाल्यावर मांडवात कुणी टाळी वाजवली नाही, कुणी नाम घेतलं नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तर उठून गेले. आत्मारामबुवा शाल हातात घेऊन तसेच उभे. मग त्यांनी ती घडी घालून देवाच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "बुधवारी मी तुम्हाला सांगितलं, हात खोटं बोलत नाही. मी चुकलो. हातसुद्धा चुकतो, मायेने चुकतो. पण तोंडाने वेळेवर साथ दिली नाही की दुसऱ्याला भोगावं लागतं. मी ही गोष्ट गावोगाव अर्धीच सांगत फिरलो. ते पाप माझ्याकडेही आहे." शेवंतीने नारळ हलवून पाहिला, चांगला होता. तो फोडून काल्यात घातला.

मेल गेली. मॅडमचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. दिव्याने वाचून दाखवलं ते असं की पुढच्या पुस्तकात दुरुस्ती करू, आणि धम्मपालचा पत्ता कळवा. पुढे बोलावणं आलं का, ते मला ठाऊक नाही. सहादेव पुन्हा पूर्वेला गेला हे ठाऊक आहे. चहा मिळाला का, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारू नयेत.

थकलात ना? मीही थकलो. आता उठा, चपला शोधा. पण माझं एक मागणं आहे, तेवढं पदरात घ्या. ही गोष्ट घरी जाऊन सांगाल तेव्हा डावऱ्या बाईचं सांगा, सहादेवचंही सांगा. पण त्यांच्याबरोबर, तितक्याच मोठ्याने, धम्मपाल सोनकांबळे हे नाव घ्या. केबिन रोडच्या बाजूला राहतो, स्टीलला पॉलिश करतो. न केलेल्या चुकीची त्याने चार वर्षं माफी मागितली. त्याला विसरू नका.